डाव्या कानामागची पायरी

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची कात्री आणि तोंड एकदमच सुरू व्हायचं. त्यात दम खायला थांबायची ती फक्त कात्री. शेजारच्या खुर्चीपाशी धाकटा भाऊ मुकाट्याने काम करायचा. दोघं एकमेकांचे केस कापायचे आणि त्यानंतर हमखास भांडायचे, कारण थोरल्याच्या डाव्या कानामागे धाकट्याच्या हातून दर वेळी एक पायरी राहायचीच.

"जन्म गेला, पण तुला हा कान काही सापडला नाही!" रेडिओ ओरडायचा.

मग धाकटा गेला, अचानक. रेडिओ बंद पडला नाही, उलट त्याचा आवाज वाढला. फक्त स्वतःच्या डोक्याला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. केस खांद्यापर्यंत आले. गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरू लागली.

"बाबा, तुमचा हा अवतार बघून कोण आपलं डोकं तुमच्या हातात देईल?" मुलगी कडाडली. "दुकान बुडेल. समुपदेशक बाईंकडे चला, नाहीतर तुम्ही झोपलात की मीच कात्री चालवते."

मुलीचा हात त्याला माहीत होता, म्हणून तो गेला. पहिल्या भेटीत त्याने बाईंना कोंड्यावरचे उपाय सांगितले. पुढच्या भेटीत शेजाऱ्यांच्या भानगडी सांगितल्या. बाई ऐकत राहिल्या. नंतर एकदा सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमचे केस कोण कापायचं?"

रेडिओने खांद्यावर आलेली केसांची टोकं मुठीत धरली.

"टोकांना अजून त्याचीच कात्री लागलेली आहे हो," तो शेवटी म्हणाला. "ती कापली की तो संपला." आणि तो ढसाढसा रडला. नाक त्याने बाईंच्या पडद्याला पुसलं.

बाई विसरा म्हणाल्या नाहीत. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं काय जपायचं ते तुम्ही ठरवा." पुढे कित्येक भेटी तो फक्त भावाबद्दल बोलला, बहुतेक तक्रारीच.

मग एका सकाळी तो समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसला. तिथल्या कारागिराला तो आयुष्यभर खाटीक म्हणत आला होता. खाटकाने भीतभीतच केस उतरवले. डाव्या कानाशी येताच रेडिओने त्याचं मनगट धरलं.

"इथे पायरी ठेव."

"अहो, वाईट दिसेल!"

"दिसू दे."

त्याने ठेवली. रेडिओने आरशात मान वळवून नीट पाहिलं. डोळे भरून आले आणि तो दुकान दणाणून सोडत ओरडला, "जन्म गेला, पण तुला हा कान काही सापडला नाही!"