सहा पौंड दहा औंस

"विवेककाका, आई गेली," सुजाता फोनवर म्हणाली आणि थोडं थांबून, अगदी ऑफिसातल्या आवाजात तिनं विचारलं, "तिच्या बंदुकीचं काय करायचं असतं?" गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी मी ग्लासगोतल्या माझ्या स्वयंपाकघरात हातात टोस्ट घेऊन उभा होतो. मी रडलो, हे खरं. पण त्याआधी मला हसू फुटलं, हेही खरं. आणि कुमुदताईंना यातलं दुसरंच जास्त आवडलं असतं.

सुजाताची आई कुमुदताई मूळच्या नागपूरच्या, माझ्या बुद्धविहारातल्या जुन्या स्नेही. इथल्या हॉस्पिटलांत मिडवाइफ म्हणून त्यांची सारी हयात गेली. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी. निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकारी नर्सनं त्यांना शहराबाहेरच्या मैदानावर नेलं. तिथे यंत्र मातीच्या ताटल्या हवेत भिरकावतं आणि माणसं त्या शॉटगननं फोडतात. पहिल्याच दिवशी त्यांची एक ताटली फुटली, आणि संपलंच. पोलिसांकडून बंदूक बाळगण्याचं सर्टिफिकेट आलं, घरात भिंतीला बोल्टनं जखडलेलं लोखंडी कपाट आलं, आणि आमच्या विहारात कुजबुज सुरू झाली. सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी बंदूक चालवायची? एका ज्येष्ठ गृहस्थांनी भर सभेत विचारलंच. "जन्मभर जीव बाहेर काढले," कुमुदताई म्हणाल्या, "आता ताटल्या फोडते. ताटलीला जीव असतो असं माझ्या तरी वाचनात नाही. तुमच्या आहे का?" गृहस्थांनी घाईघाईनं चहा मागवला.

मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. एजवेअरला राहणाऱ्या सुजातानं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, ही संधी साधली. आईनं लंडनला यावं असं ती कित्येक वर्षं म्हणत होती, आता ती ऐकेना. माझ्यासमोर मायलेकींचा करार झाला. खांदा बरा झाल्यावर कुमुदताईंनी पंचवीस गोळ्यांची एक पूर्ण फेरी, मध्ये न थांबता, झाडून दाखवायची. जमलं तर ग्लासगो. नाही जमलं तर बंदूक विकायची, घर विकायचं आणि एजवेअरची बॉक्सरूम, म्हणजे सामान ठेवायची चिमुकली खोली. सुजातानं त्या खोलीला रंग द्यायला घेतल्याचं ऐकलं तेव्हा बाई पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या... स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणाला चहा करू न देणारी ही बाई!

जुनी दुनळी आता खांद्याला सोसणार नव्हती. म्हणून आम्ही गेलो डंकनकडे. हा बंदुकांचा दुकानदार, सत्तरीचा, कमी बोलणारा. कुमुदताईंनी हुकूम सोडला, "सगळ्यात हलकी सेमी-ऑटोमॅटिक काढ." डंकन काहीतरी सांगू पाहत होता. पण दुखऱ्या खांद्याला हलकं बरं, यात समजवायचं काय, असं त्यांचं मत. आणि मी, ज्यानं आयुष्यात पिचकारीपलीकडे काही चालवलेलं नाही, मोठ्या तोऱ्यात मान डोलावत होतो. डंकननं पिसासारखी हलकी एक ट्वेल्व्ह बोअर काढली आणि आधी मैदानावर चालवून बघा म्हणाला. पहिल्या गोळीला कुमुदताई एक पाऊल मागे ढकलल्या गेल्या. दुसऱ्या गोळीनंतर त्यांनी बंदूक माझ्याकडे नव्हे, डंकनकडे दिली आणि बाकावर बसल्या. चेहरा पांढराफटक. पुढे तीन आठवडे हात गळ्यात बांधलेला आणि एजवेअरहून रोज फोन.

चौथ्या आठवड्यात त्या पुन्हा दुकानात उभ्या. यावेळी हातात वही. "तू सांग," त्या डंकनला म्हणाल्या, "मी ऐकते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. डंकनची जीभ सैल झाली. बंदूक हलकी असली की गोळीचा धक्का पचवायला तिच्या अंगात काही उरत नाही, सगळा खांद्यावर येतो. म्हणून मधल्या वजनाची घ्यायची. ट्वेल्व्हऐवजी ट्वेंटी बोअर, म्हणजे बारीक नळीची, घ्यायची, काडतूस कमी भाराचं घालायचं. आणि यंत्रणा गॅसवर चालणारी हवी, म्हणजे त्या गॅसचा थोडा जोर बंदूक स्वतःच्याच कामाला वापरते आणि धक्का एकदम न बसता पसरून येतो. कुमुदताईंनी वहीतून डोकं वर केलं. "म्हणजे ढकलायचं, पण दम घेत घेत. हे मी बायकांना चाळीस वर्षं सांगत आले, गाढवा, मग मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

डंकननं टेबलावर तीन बंदुका मांडल्या. आणि मग जे झालं ते मी ग्लासगोतल्या प्रत्येक जेवणावळीत साभिनय करून दाखवलेलं आहे. कुमुदताईंनी पहिली बंदूक खांद्याला लावलीच नाही. दस्ता कोपराच्या खोबणीत, नळी तळहातावर, अशी तान्ह्या बाळासारखी घेतली, दोनदा हलवली आणि म्हणाल्या, "पाच पौंड चौदा औंस. अशक्त आहे." दुसरी: "साडेसात. हिची आईच दमेल." तिसरी घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "सहा पौंड दहा औंस. छान बाळसं आहे." डंकन आतून काटा घेऊन आला. पहिल्या दोन्ही बरोबर निघाल्या. तिसरीत एका औंसाचा फरक आला, तेव्हा बाईंनी काटा दुरुस्तीला द्यायला सांगितलं.

कराराच्या दिवशी सुजाता लंडनहून पंच म्हणून आली. वारा होता, पाऊस होता, म्हणजे नेहमीचंच. कुमुदताईंनी पंचवीस गोळ्या झाडल्या, एकदाही खांदा चोळला नाही. फुटल्या अकरा. "आई, अकराच," सुजाता म्हणाली. कुमुदताईंनी कानावरचे मफ काढले. "झाडायचं ठरलं होतं. फोडायचं कुणी म्हटलं होतं?" सुजाता हसली, आईला मिठी मारली आणि गाडीत बसल्यावर माझं लक्ष नाही असं समजून डोळे पुसले... त्यानंतर सहा वर्षं कुमुदताई स्वतःच्या घरात राहिल्या आणि रविवार चुकवला नाही. मी मात्र त्या दिवशी फक्त आईसाठी टाळ्या वाजवल्या, लेक काय हरली ते पाहिलंच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

सर्व्हिसिंगसाठी दिलेली बंदूक सुदैवानं डंकनकडेच होती; स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट काढल्याशिवाय सुजाताला ती घरी ठेवता आली नसती. अंत्यसंस्कारानंतर मी सुजाताला तिथे घेऊन गेलो. बंदूक विकून टाकायची, कागदावर सही करायची, एवढंच काम. डंकननं बंदूक रिकामी असल्याचं दाखवून टेबलावर ठेवली आणि जरा ओशाळून म्हणाला, गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे, तुमच्या आईनं दस्ता स्वतःच्या मापानं बराच कापून घेतला होता. सुजातानं "बघू का?" असं विचारून ती उचलली, खांद्याला लावली. उंची आईचीच, दस्ता बरोब्बर बसला. गाल लाकडावर टेकला, तिथे लाकडाचं पॉलिश गालाएवढंच उडालेलं होतं. डंकननं सहीचं पेन पुढे केलं होतं, ते त्यानं हळूच परत खिशात ठेवलं.

गाल तसाच टेकलेला ठेवून सुजातानं विचारलं, "ही तुमच्याकडे किती दिवस राहू शकते?"