चोपणातल्या खुणा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही. देवापाशीही नाही — त्याला ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला, अशी सोयीची समजूत करून घेतली. तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही धड कळत नाही. लिहायला बसले तेव्हापासून दोनदा उठून दाराची कडी बघून आले. एवढ्या वर्षांनी कोण येणार आहे? तरी बघून आले.

आधी जमिनीबद्दल सांगते. जमिनीबद्दल बोलणं सोपं असतं.

आमची ख्रिस्ती वस्ती कोपरगावच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर होती. कालव्याने वरच्या रानांना ऊस दिला आणि खालच्यांना खार दिला. वस्ती आणि नदी यांच्यामधला सगळा सपाट पट्टा चोपण, म्हणजे खारावून चिकट झालेली जमीन, होऊन बसला होता. उन्हाळ्यात तिथे कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या यायच्या. पांढरा फुलोरा वर यायचा, तो खरवडून बायका कपडे धुवायच्या. आणि पावसाळ्यात? ती जमीन पाणी पितच नाही. पाणी वरच उभं राहतं, गढूळच्या गढूळ, आठवडे गेले तरी निवळत नाही. मग वरून सुकायला लागलं की पापुद्रे धरतात, कडा वळतात, माणसाला वाटतं वाळली. खाली कंबरभर रेंदा असतो, साबणासारखा बुळबुळीत.

पण त्या पट्ट्याच्या पलीकडे, नदीलगत, चांगलं गवत यायचं. आमच्या बाजूला बाकी सगळा माळ, कुसळांचा. पूर ओसरला की जनावरांना दुसरीकडे नेण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून वस्तीची एक रीत होती. दरवर्षी एका घराची पाळी. पूर सगळ्यावर सारखाच गाळ अंथरून जातो, त्यामुळे चोपण कुठली आणि धड जमीन कुठली हे डोळ्यांना कळत नाही. ते तळपायाला कळतं. चोपण बुळबुळते, धड जमिनीत वाळूचा कण लागतो. पाळीच्या घरातल्या माणसाने अनवाणी जायचं, वेळूची काठी खुपसत खुपसत, आणि धड वाटेच्या दोन्ही कडांना बाभळीच्या फांद्या रोवायच्या. मग त्याच घराचं जनावर पहिलं त्या वाटेनं जायचं. कुणी कामचुकारपणा करू नये म्हणून हे शेवटचं.

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. माझे यजमान पलटणीत, कुठे आहेत तेही पत्रात लिहायची सोय नव्हती. थोरले दीर कालव्याच्या कामावर. घरात सासूबाई, मी आणि माझी थोरली जाऊ मार्था. तिला मी तोंडावर ‘आक्का, तुम्ही’ म्हणायची. मनात मात्र ती ‘ती’च होती, बहिणीसारखी. खरं म्हणजे दरवर्षी खुणा तीच घालायची, आमच्यासाठीही आणि पाळी चुकवणाऱ्यांसाठीही. पण त्या वर्षी पाळी आमच्या घराची आणि तिला दिवस गेले होते — लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. सासूबाई म्हणाल्या, खुणा रूथ घालेल, आक्का नुसती म्हैस घेऊन जाईल.

रूथ म्हणजे मी. नगरला शाळेच्या बोर्डिंगात वाढलेली, चार बुकं शिकलेली. पहिल्याच वर्षी त्या चोपणात माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. बायका हसल्या, ओढून काढलं, झालं. माझं मात्र झालं नाही. ती माती पाय धरून ठेवते हो. ओढावं तितकी आवळते, आणि खाली काहीच लागत नाही. त्यानंतर त्या पट्ट्याच्या कडेलाही मी जायची नाही. सांगायला हवं होतं ना? पण नगरची पोरगी म्हणून आधीच सगळ्या थट्टा करत होत्या.

गेले. काठी, फांद्यांचा भारा, अनवाणी पाय. पहिला तुकडा नीट केला, देवाशप्पथ नीट केला. मग तळव्याखाली बुळबुळीत लागलं आणि मी थांबले. पुढे गेल्या वर्षीच्या फांद्यांचे खुंट गाळातून वर दिसत होते. तीच वाट असणार, नाही का? मी त्या खुंटांच्या डाव्या अंगाने, पापुद्र्यावर बोटांवर चालत, भराभर फांद्या टोचत गेले आणि पळत परत आले. काठी एकदाही खुपसली नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, पाऊल-पाऊल बघितलंस ना? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का म्हैस सोडून निघाली. मी भाकरी थापत होते. थापत राहिले. एवढंच बोलायचं होतं — आक्का, थांबा. दोन शब्द.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटवून घ्यायचं होतं. भित्रेपणाला लोक क्षमा करतात.

तवा चुलीवर तसाच ठेवून, दारातली वेळूची काठी घेऊन मी तिच्या मागे गेले, राहवेना म्हणून. म्हशीचं ओरडणं काठावरूनच ऐकू आलं. आक्का कमरेपर्यंत रुतली होती. म्हैस तिच्यापुढे धडपडत होती, आणि दाव्याचा वेढा आक्काच्या मनगटाला बसला होता. तिची पाठ माझ्याकडे होती. ती दोन्हीकडच्या फांद्यांच्या बरोबर मध्ये होती. मी घातलेल्या फांद्यांच्या मध्ये.

माझ्या पावलाचा आवाज तिने ओळखला.

“रूथ, काठी दे गं. लई खाली चाललेय मी.”

काठी माझ्या हातात होती. मी धड जमिनीवर उभी होते आणि काठी पोचत होती. वस्तीकडून माणसं धावत येत होती, अजून लांब होती.

मी काठी खाली ठेवली. “आले, आक्का, आले,” म्हणत मी आमच्या बाजूच्या फांद्या उपटल्या आणि अलीकडे, पक्क्या जमिनीच्या कडेला रोवल्या, अशा की आक्का खुणांच्या बाहेर पडावी. पलीकडच्या फांद्या म्हशीने तुडवल्याच होत्या. आक्का माझं नाव घेत होती आणि मी काटे दाबून बसवत होते. मग काठी उचलली आणि तिला दिली.

माणसांनी दाराची फळी आणली, बाज आणली, तिला काढलं. म्हैस निघाली नाही. त्याच आठवड्यात आक्काचं पोट पडलं, आणि पुन्हा तिला कधी दिवस गेले नाहीत.

सगळ्यांनी खुणा बघितल्या. खुणा बरोबर होत्या. सासूबाईंनी स्वतः मरेपर्यंत तिला ऐकवलं, की स्वतःच्या बेफिकिरीने दुभतं जनावर आणि पोटचं पोर दोन्ही घालवलंस. माझे हात काट्यांनी फाटून सुजले होते, तर जावेला वाचवताना फाटले म्हणून त्याच सासूबाईंनी माझ्या हातांना हळद लावली. मी लावून घेतली. रविवारच्या उपासनेत सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हटली. सगळ्यांबरोबर म्हणायला भीती वाटत नाही.

आक्काने कधी माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर किती बरं झालं असतं! ती स्वतःवरच संशय घेत राहिली. जी बाई डोळे मिटून त्या पट्ट्यातून गेली असती, ती पुढे अंगणातही पाऊल चाचपून टाकायला लागली. शेवटच्या दुखण्यात मी तिचे पाय चेपत बसले होते, तेव्हा तिने एकदाच विचारलं.

“मी खुणांच्या भाईर गेलेच कशी गं, रूथ? मला तर मधी चालल्यागत आठवतंय.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “घसरला असेल पाय, आक्का.”

तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिचा पाय घसरला नव्हता. ती मधोमध चालत होती.