चतुर्थीचा घाट

रस्ता रिकामा आहे की नाही हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. ऑनलाइन नकाशावर रस्ता धरायचा आणि त्याचे फोटो एकेक करून बघत पुढे सरकायचं. डांबराच्या मधोमध गवत उगवलेलं दिसलं तर उत्तम. कुत्रं झोपलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला, तो रस्ता आपला. इंग्लंडमधल्या आमच्या स्टॅनमोरच्या घरातल्या वरच्या छोट्या खोलीत बसून मी एक अख्खा हिवाळा हेच केलं. बाहेर चारला अंधार, खाली बायकोच्या ऑफिसच्या मीटिंगा, आणि माझ्या स्क्रीनवर स्पेनच्या पूर्व किनाऱ्यामागचे डोंगर. बदामाची झाडं, ऑलिव्ह, दगडी बांध घातलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं.

हे हौसेपोटी चाललं नव्हतं. माझी सायकल पणाला लागली होती.

झालं असं की त्याआधी दीडेक वर्ष हॅरोजवळच्या एका राउंडअबाउटवर सायकलवरून जाताना एका व्हॅनचा आरसा माझ्या खांद्याला लागला. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. बायकोने रडारड केली नाही. ती मुळातच कमी बोलते. हात मोकळा झाल्यावर मात्र तिने दोन गोष्टी केल्या. सुपरमार्केटच्या रिकाम्या कार पार्कमध्ये, रविवारी सकाळी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती सायकल शिकली. "आता एकटं जायचं नाही," एवढंच कारण दिलं. आणि दुसरं म्हणजे तिने संकष्टी धरली.

संकष्टी मुलीसाठी असणार, असं मी धरून चाललो. मुलगी तेव्हा केंब्रिजला शेवटच्या वर्षाला होती, नोकरी शोधत होती. उपास कडक. साबुदाणा नाही, फळ नाही, फक्त पाणी आणि कोरा चहा. त्यात इंग्लंडचा उन्हाळा. चंद्र उगवायला अकरा-बारा वाजतात, आणि उगवला तरी तो ढगाच्या वर. ॲपमध्ये वेळ बघून ताट वाढायचं. मी चिडवायचो, "पुण्याच्या चंद्रावर सोड की. इथे चहाच्या वेळेला मोकळी होशील." ती ॲप पुन्हा उघडून वेळ बघायची.

वर्षभर ती हर्टफर्डशरच्या गल्लीबोळांतून माझ्या मागे सायकल चालवत राहिली. दोन्ही बाजूंना उंच झुडपं, मध्ये खड्डे, आणि हातभर अंतरावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या. एका रविवारी घरी आल्यावर हेल्मेट काढून तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही सारखं म्हणता ना, तिकडे रस्ते रिकामे असतात म्हणून? दाखवा एकदा. पटलं तर पटलं. नाही पटलं तर परत आल्यावर सायकल विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एप्रिलमध्ये गेलो. छोट्या गावात छोटं हॉटेल, भाड्याच्या दोन सायकली. पहिल्या दिवशी सबंध सकाळभरात तीनच गाड्या भेटल्या. त्यातली एक तर आम्ही वळण पार करेपर्यंत मुकाट्याने मागे राहिली, हॉर्नसुद्धा नाही. बायको म्हणाली, "हं." आमच्या घरात 'हं' म्हणजे पास. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून थांबून बदामाच्या झाडांचे फोटो काढले, बांधावर बसून संत्रं खाल्लं, मलाही अर्धं दिलं. मी मनातल्या मनात मांडे खायला लागलो. नवीन चाकं कोणती घ्यायची इथपर्यंत माझी मजल गेली.

तिसरा दिवस मोठ्या घाटाचा होता. अकरा किलोमीटर चढ, माथ्यावर गाव. त्या रस्त्यावर माझा फार जीव होता. चढ किती, सावली कुठे, पाण्याचा नळ कुठल्या वळणावर, सगळं मला पाठ होतं. हवामान तर मी आठवडाभर आधीपासून बघत होतो. एक पंचांग तेवढं बघितलं नव्हतं. ते घरी फ्रिजवर टांगलेलं होतं.

सकाळी हॉटेलात ती कोरा चहा घेऊन बसली. "भूक नाही," म्हणाली. मी तिथल्या पद्धतीने टोस्टवर टोमॅटो चोळण्यात गुंग होतो. चोवीस वर्षांच्या संसारानंतरही मी या वाक्यावर विश्वास ठेवला.

सातव्या किलोमीटरला मागून येणारा तिच्या गिअरचा आवाज थांबला. वळून बघतो तर ती बांधाला टेकून खाली बसलेली, सायकल आडवी, ओठ पांढरे. जवळ जाऊन मी पिशवीतून खजूर काढले. तिने मान हलवली.

"आज चतुर्थी आहे."

"अगं, मग सांगायचं ना! आपण पोहायला गेलो असतो!"

"तुम्ही एवढा रस्ता शोधलात. म्हटलं जमेल."

"खा आधी."

"नाही."

मी सगळे उपाय करून बघितले. म्हटलं, न्यूझीलंडला आत्ता चंद्र उगवला असेल, सोड. ती म्हणाली, "आपण न्यूझीलंडला आहोत का?" म्हटलं, देव काय तुला फाशी देणार आहे का? तिने डोळे मिटून घेतले. मग माझा तोल गेला. अक्कल गहाण टाकलीस का, घाटात उपास करतं का कोणी, असं बरंच काही बोललो. ऐकायला डोंगराशिवाय कोणी नव्हतं.

कारण तो रस्ता रिकामा होता. फोनला रेंज नव्हती. चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो आणि एक गाडी आली नाही. जिथे कोणी फिरकणार नाही असा रस्ता मी हिवाळाभर खपून शोधला होता, आणि कोणी फिरकलं नाही. कुत्रंसुद्धा नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"मी वर गावात जाऊन कोणाला तरी घेऊन येतो," मी म्हणालो.

"एकटं जायचं नाही," ती म्हणाली. डोळे मिटलेले होते, पण हे मात्र स्पष्ट म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला, तो गार लागला. "अगं, पोरीला नोकरी लागून सहा महिने झाले," मी म्हणालो. "आता कोणासाठी चाललंय हे?"

तिने डोळे उघडले आणि बांधाला टेकवलेल्या माझ्या सायकलकडे बघितलं.

"तुम्ही तिच्यावर बसताय तोवर करीन, असं देवाला बोललेय."

मला भीती वाटली. राउंडअबाउटवर पडलो तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती. लाजही वाटली, पण आधी भीती.

"सोडली," मी म्हणालो.

"काय?"

"सायकल. सोडली आत्तापासून. आता तुझा उपास संपला. खा."

"खरंच?"

"खरंच."

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग एक खजूर खाल्ला, मग आणखी चार, मग माझं केळं, मग माझा उरलेला टोस्ट. अर्ध्या तासाने तोंडावर रंग आला. माथा गाठायचा प्रश्नच नव्हता. आल्या वाटेने सात किलोमीटर उतार, खाली हॉटेल. ती सायकलवर बसली आणि ब्रेक दाबत हळूहळू निघाली.

मी चालायला लागलो. सायकलच्या बुटांना खाली लोखंडी पट्टी असते, ते चालायला नसतातच. डांबरावर टक टक आवाज करत, सायकल हाताने धरून, मी तो उतार उतरत होतो. त्या उतारासाठी मी तीन महिने झुरलो होतो.

दुसऱ्या वळणावर ती थांबली होती. "अहो, हे काय?"

"सोडली ना सायकल."

"म्हणून सात किलोमीटर चालणार?"

"चालणार."

यात मोठेपणा काही नव्हता. मी देव मानत नाही. पण ज्या शब्दावर तिने खजूर खाल्ला, तो तिच्या डोळ्यांदेखत मोडायची माझी छाती नव्हती. ती खाली उतरली आणि माझ्याबरोबर चालू लागली. किलोमीटरभर आम्ही तसेच गेलो. तेवढ्यात मागून गाडी आली. दिवसातली पहिलीच. एक म्हातारा शेतकरी, जुनी व्हॅन. आम्ही कडेला होईपर्यंत तो थांबला, मग लांबून वळसा घेऊन पुढे गेला आणि जाताना खिडकीतून हात केला. बायको व्हॅनचा आरसा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसा."

"आणि तुझा उपास?"

"पुढच्या चतुर्थीपासून परत धरते."

"अगं, पण..."

"बसा म्हटलं ना. आणि हळू."

मी बसलो. "फळं तरी खात जा," मी मागे न बघता म्हणालो. "खजूर तरी."

"बघू."

सायकल विकलेली नाही, शेडमध्ये आहे. रविवारी आम्ही दोघं जातो, पूर्वीसारखीच ती मागे. चतुर्थीला ती आता फळं खाते. फ्रिजवरच्या पंचांगात त्या तारखा मीच पेनाने गोल करून ठेवतो, आणि त्या दिवशी सायकल बाहेर काढायची नाही हे आमचं ठरलेलं आहे.

हे झालं ठरलेलं. न ठरलेलं असं की त्या दिवशी डबा मी ऑफिसातल्या शेजाऱ्याला देतो, पोट बरं नाही म्हणून सांगतो, आणि दिवसभर कोऱ्या चहावर काढतो. चंद्र उगवल्यावर म्हणतो, मलाही थोडं वाढ, तुला सोबत. बायकोला हे सांगितलेलं नाही. तीही आता सायकलवर असते, आणि माझ्या मागे असते. मला पुढचा रस्ता दिसतो, ती दिसत नाही.