कल्याणीला नेलेली हवा

शाळेला सुटी लागली आणि मी सोलापुराहून गाणगापूरला दत्तदर्शनाला निघणार, तोच निजामी मुलखातल्या कल्याणी गावच्या दवाखान्यातल्या माझ्या डॉक्टर मित्राचा निरोप आला: प्राणवायूचे नळकांडे घेऊन ये, एका लेकराला श्वास घेता येत नाही. दर्शन लांबणीवर पडले आणि मास्तरचा हमाल झाला.

मोटार रडतखडत चालली. खड्डा आला की ते लोखंडी धूड माझ्या गुडघ्यावर आदळे. निजामी हद्दीत करोडगिरीच्या नाक्यावर (जकातीची चौकी) शिपायाने आत काय आहे ते विचारले. हवा, मी म्हणालो.

"क्यूं, हमारे यहाँ हवा नईं है क्या?"

हसायचेही त्राण नव्हते. उमरग्याला भाकरी आणि पुंडी (अंबाडीची भाजी) पोटात ढकलली.

दवाखान्यात जवळच्या कोहिनूर गावच्या एका शेतकऱ्याची लहानगी मुलगी होती. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडले होते. उशाशी तेलाचा दिवा. प्राणवायूजवळ ज्योत नको, भडका उडेल, म्हणून डॉक्टरने तो विझवायला सांगितला. बाप आडवा आला.

"दत्ताच्या नावानं लावलाय, साहेब. ह्यो इझला तर माझं लेकरू न्हाई राहायचं."

शेवटी दिवा बाहेर न्यायचे ठरले. ओसरीच्या टोकाला, ज्योतीला ओंजळीचा आडोसा धरून तो बसून राहिला. आत नळकांड्याला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येऊ लागले. रबरी नळीचे फनेल आईने मुलीच्या तोंडाशी धरले. मी बाहेर गेलो की बाप एवढेच विचारी, "श्वास घ्यायलंय का, मास्तर?" घेते आहे, असे मी सांगे. खरे तर माझीच खात्री नव्हती.

उजाडले. मला उभ्या उभ्या डुलक्या येत होत्या. एकाएकी मुलीने फनेल ढकलले आणि भोकाड पसरले.

बाप ताडकन उठला. आडोसा गेला, दिवा विझला. त्याने वातीकडे पाहिले, मग दाराकडे. आत रडणे चालूच होते.

"तीच रडायलीय न्हवं?"

"व्हय, अण्णा."

दिवा तिथेच ठेवून तो आत गेला.

गाणगापूर राहिलेच. रिकामे नळकांडे घेऊन परत निघालो. अंग ठेचून निघाले होते, झोपेशिवाय काही नको होते. उमरग्याला एक बाई तान्हे मूल घेऊन चढली आणि ते जे रडू लागले ते थांबेना. लोक वैतागले. बाई ओशाळून त्याचे तोंड पदराखाली दाबू लागली. एरवी मीही आठ्या घातल्या असत्या.

"रडू द्या, अक्का," मी म्हणालो. "मोकळं रडू द्या."