बशीतलं द्राक्ष

योगिनी पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकते, हे तिचे वडील शेखरशेठ पिंपळगावात भेटेल त्याला ऐकवत. त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं. सीझनमध्ये घरी आलेल्या योगिनीने तिथेच आपला संयमाचा प्रयोग उरकला. द्राक्षं भरणाऱ्या एका बाईच्या पाच वर्षांच्या लेकीला, हिराला, तिने बसवलं आणि पुढ्यात बशीत एक टपोरं द्राक्ष ठेवलं.

"मी येईपर्यंत खाल्लं नाहीस, तर दोन देईन," असं सांगून ती दारामागे लपली. हिराने द्राक्षाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. योगिनी हरखून गेली. त्या भरात दोन द्राक्षं द्यायचं मात्र राहूनच गेलं.

पुण्याला परतल्यावर वर्गात तिने हे असं काही रंगवून सांगितलं की टाळ्याच पडल्या. कष्टकऱ्यांच्या लेकरांत संयम उपजतच असतो, असा निष्कर्षही योगिनी बाईसाहेबांनी ठोकून दिला.

पुढच्या खेपेला ती कौतुकाने पॅकहाउसमध्ये हिरासाठी अख्खा घड घेऊन गेली. "घे, सगळा तुझा."

हिराने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको ताई. द्राक्षाला हात लावला तर शेठ आयला कामावरनं काढतील."

योगिनीचा चेहरा खर्रकन उतरला. याच क्रेटांतली द्राक्षं मूठमूठ खात ती लहानाची मोठी झाली होती.

"कोणी नाही काढत गं," ती कशीबशी म्हणाली. "इथे कोणी बघत नाहीये. खा."

"तवा पन तुम्ही दारामागून बघतच व्हत्या ना?" हिरा म्हणाली.