फुस्सवाला वाल

माझ्या गाडीला आवाज नव्हता, एवढं एकच दुःख मला होतं. ते मी स्वतःच्या हाताने दूर केलं.

गाडी जुनी, पण टर्बोची! ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की टर्बोत कोंडलेली हवा सोडणारा एक वाल असतो. तो बिघडला. चंद्रपूरच्या मिस्त्रीने दोन नवे वाल समोर ठेवले.

"भाऊ, हा हवा परत इंजिनाकडे पाठवते. आवाज नाई, काई नाई. अन् हा बाहेर सोडते. फुस्स!"

"फुस्सवाला द्या."

"पन तुमच्या गाडीत हवा मोजनारा सेन्सर हाये. मोजलेली हवा बाहेर गेली, का गाडी झटके खाईन, बंद पडन."

"फुस्सवालाच द्या!" (मी एकदा ठरवलं की मग मीसुद्धा मला समजावू शकत नाही.)

बायको सुनंदा कळवळून म्हणाली, "अहो, सोमवारी अकराले गडचिरोलीत माझा इंटरव्ह्यू हाये. चार वर्सानं बोलावनं आलं. साधा बसवा ना!"

"तू पाहत राह्य फक्त!"

सोमवारी आठला ऊर्जानगरच्या घरून निघालो. मागे मामाजी, म्हणजे माझे सासरे. उभी नोकरी बॉयलरवर काढलेला माणूस. पहिला गतिरोधक आला, मी पाय काढला. फुस्स!

"वाल उडला! बाजूले व्हा!" असं ओरडत मामाजी दार उघडून थेट धानाच्या बांधावर! गाडीही जागीच बंद. त्यांना समजावून आणलं, गाडी सुरू केली. पुढचा गतिरोधक. फुस्स! मामाजी बांधावर! मूल गाव येईपर्यंत हे चारदा झालं.

"मी बसनं जाते," सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काऊन? वाल नवा हाये, बसाले वेळ लागते. गाडीनंच नेतो तुले!"

मूलला थांबून मी बाजूला जाऊन मिस्त्रीला झापायला फोन लावला. त्याने उचलला नाही, शहाणा! परत येऊन गाडी सुरू केली, आणि काय सांगू! झटका नाही, बंद पडणं नाही. आवाजही नाही, पण त्याचं काय एवढं? मामाजीही दार घट्ट धरून जागेवरच.

"पाह्यलं? बसला वाल! मिस्त्रीले काय समजते?" सावली गाव मागे गेलं तरी माझं व्याख्यान चालूच.

अकराला दहा कमी असताना पोचलो. सुनंदा धावत आत गेली. मी फाटकापाशी चार माणसं जमवली आणि वाल दाखवायला ऐटीत बोनेट उघडलं. वालाच्या तोंडावर मामाजींचा खांद्यावरचा दुपट्टा, तीन गाठी मारून, करकचून आवळलेला! हवा बाहेर जायला जागाच नव्हती.

"मामाजी! हे काय?"

"जावईबापू, जलमभर कोनाले वाल बांधू देल्ला नाई म्या, बांधला का बॉयलर फुटते," मामाजी म्हणाले. "आज पोरीसाठी बांधला, तुमी फोनवर होते तवा. अख्खा रस्ता जीव मुठीत धरून बसलो."

लाज वाटली, खरंच.

बाराला सुनंदा हसत बाहेर आली. "पहिलाच प्रश्न, रोज येनार कशा?"

"गाडीचं सांगतलं ना?"

"गाडी हाये म्हटलं, पन मी एसटीनं येईन. साहेब म्हनले, बाई विचार करून बोलते."

नोकरी लागली. वालही मी मुकाट्याने बदलला, बिनआवाजाचा बसवला. आता रोज सकाळी विचारतो, "स्टॉपपर्यंत तरी गाडीनं सोडू का?"

"नको, मले वेळेवर पोचाचं हाये," म्हणते, आणि पायी निघते.