कुलूपबंद मेल

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ साधा ईमेल वापरत नाहीत. त्यांच्या मोबाइलवर एन्क्रिप्टेड मेलचं ॲप आहे. "कंपनीवाल्यालासुद्धा वाचता येत नाही, हौ!" असं त्यांचं हैदराबादच्या आमच्या हिमायतनगरातल्या प्रत्येकाला सांगून झालंय. रोज सकाळी ते बिल्डिंगखालच्या इडलीच्या बंडीवर गप्पा ठोकत उभे असतात. मेल आला की भिंतीकडे तोंड करतात, चटणीचं बोट पँटला पुसून फोनवर टेकवतात आणि रमीची पानं लपवावीत तसा फोन छातीशी धरून वाचतात. एवढ्या बंदोबस्तात येतं काय, तर मेहुण्याचं सुप्रभात.

माझ्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट मला त्यांच्या डॉक्टर भाच्याला दाखवायचा होता. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हटलं, तर ते दचकलेच. "नक्को! सगळी दुनिया वाचते. माझं ॲप घ्या."

घेतलं. रिपोर्ट त्यांना पाठवला आणि भाच्याकडे धाडा म्हटलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही, हेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बायको इडली आणायला खाली गेली. बंडीवाल्याने मोठ्या आपुलकीने विचारलं, "अम्मा, साब के गले में गांठ है बोलके सुना?"

मी तडक वर गेलो. माझं ऐकून ते खरोखर घाबरले. फोन काढून त्यांनी दोनदा तपासला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"परेशान नका होऊ," ते म्हणाले. "मेल तुमच्या-माझ्याशिवाय कुणीही वाचलेला नाही. भाच्याला तर अजून उघडताच आलेला नाही."